दिंडीची भिशी: पैसे कशाचे आणि मिळतं काय

वैशाख लागला की ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते. आषाढीला पायी जायचंय, कसं जावं? एकटंच निघावं, ऑफिसच्या ग्रुपबरोबर एखादा टप्पा करावा, का एखाद्या दिंडीत रीतसर नाव घालावं? मी सगळ्यांना एकच सांगते, दिंडीत नाव घाला. फोनवर कारण सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. ज्या दिंडीबरोबर मी चालते तिची सोय, जेवण, पैसे, अडचणी सगळं सांगणार आहे. पण माझ्या मते दिंडीकडून मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट पावतीवर लिहिलेली नसते, तिच्याबद्दल जास्त लिहीन.

आमची दिंडी ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात रथामागे चालते. दिंडीचा क्रमांक देत नाही, कारण दिंडीप्रमुखांचीच तशी इच्छा आहे. दोनशे-सव्वादोनशे माणसांच्या वर घ्यायचं नाही असा त्यांचा नियम आहे. त्यापुढची माणसं चेहऱ्याने ओळखता येत नाहीत, म्हणतात, आणि चेहरा माहीत नसेल तर माणूस हरवल्याचं कळत नाही. यंदा आळंदी ते पंढरपूर भिशी, म्हणजे दिंडीत भरायचे पैसे, साडेचार हजार होती. त्यात सकाळचा चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण, राहुटीत झोपण्यापुरती जागा, सामान ट्रकमध्ये आणि टँकरचं पाणी. ताट, तांब्या, अंथरूण-पांघरूण, खाली टाकायला जाड प्लॅस्टिकचा कागद आणि पावसाचं काय ते आपलं आपण आणायचं.

जेवण चांगलं. साधं, पण गरम. आमचे आचारी सांगोल्याकडचे आहेत, पिठल्याला हात सढळ. दुपारी बहुधा विसाव्याजवळ आमटी-भात नाहीतर चपाती-भाजी, रात्री भाकरी-पिठलं किंवा मुगाची खिचडी. एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी. वाटेतली गावं एवढं खाऊ घालतात की दिंडीतलं जेवण कधी कधी मागे पडतं, पण फलटणच्या पुढे गावागावांतलं अंतर वाढतं आणि तेव्हा आपल्या ट्रकची खरी किंमत कळते. जेवणाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आता मुख्य मुद्दा.

मी नोकरी एसटीत केली, सातारा जिल्ह्यात, शेवटची बरीच वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. म्हणजे गर्दीसमोर खिडकीत बसून माझं आयुष्य गेलं. खिडकीच्या या बाजूने गर्दी एकच दिसते आणि त्या बाजूने निराळी, हे मला नोकरीतच हळूहळू कळत गेलं होतं. गाडी लागली की माणसं दाराशी तुटून पडतात, खिडकीतून रुमाल टाकतात, पिशवी टाकतात, प्रसंगी पोरगं आत ढकलतात. केबिनमध्ये बसलेला म्हणतो, लोकांना शिस्तच नाही. खाली उभा असलेला म्हणतो, ही शेवटची गाडी आहे का ते कुणी सांगत नाही, कुठल्या फलाटाला लागणार ते आयत्या वेळी कळतं, आणि मागच्या खेपेला रांगेत उभा राहिलो तर मीच राहिलो. पहिला माणूस लोकांचा स्वभाव सांगतो. दुसरा त्याच्यापुढची परिस्थिती सांगतो. वेळेवर घोषणा झाली आणि पाठोपाठ दुसरी गाडी लागणार हे कळलं की तीच माणसं निवांत उभी राहिलेली मी रोज पाहिली आहेत.

वारीत हा फरक दहापट मोठा होऊन दिसतो, कारण वारीकडे बाहेरून बघणारे फार आहेत. दिवेघाटाचं दृश्य दरवर्षी टीव्हीवर येतं. वर ड्रोन, खाली वळणावळणाने चढणारी पांढऱ्या टोप्यांची आणि रंगीत लुगड्यांची रांग, आणि निवेदकाच्या तोंडी ठरलेले शब्द: जनसागर, भक्तीचा महापूर, देहभान हरपलेले वारकरी. प्रेमाने म्हणतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण देहभान हरपलेला माणूस दिवेघाट चढू शकत नाही. पुणे ते सासवड हा तीस किलोमीटरच्या वरचा टप्पा, त्यात घाट शेवटी येतो, पाय तोवर भरून आलेले असतात. रथाला जादा बैलजोड्या लावतात ते काही शोभेसाठी नव्हे. घाटात माझं सगळं लक्ष पुढच्या बाईच्या टाचेवर असतं. ती थांबली की मी थांबायचं, मी थांबले की मागच्या आक्कांना कळलं पाहिजे म्हणून हात किंचित मागे करायचा. डाव्या हाताला दरी आहे का डोंगर, कठड्याकडून कोण आहे, तुळस डोक्यावर घेतलेली बाई कधी बदली मागणार, हे सगळं सतत डोक्यात चालू असतं. माणूस एवढा सावध एरवी क्वचितच असतो.

एका टाळकरी मामांना घाट संपल्यावर एका पत्रकार मुलीने माईक पुढे करून विचारलं, "बाबा, या वयात एवढी ताकद कुठून येते?" मामा म्हणाले, "माउली देते." मुलगी खूश होऊन गेली. मग मी विचारलं, "मामा, घाटात दम कसा लागत नाही हो तुम्हाला?" तर म्हणाले, "अगं बाई, एका बाजूनं चरण म्हटलं की दुसऱ्या बाजूनं तेच म्हणायचं. ती बाजू म्हणती तवर आपण श्वास भरून घ्यायचा. घाटात तर चाल संथच धरायची, पखवाजवाल्याला आधीच सांगितलेलं असतं." दोन्ही उत्तरं त्यांनी मनापासून दिली आणि दोन्ही खरी आहेत. पण बाहेर जातं ते पहिलंच. दुसरं ऐकायला त्या रांगेत चालावं लागतं, आणि रांगेत जागा दिंडीच देऊ शकते. भिशी भरायची ती या जागेसाठी, असं मी म्हणते.

जागा म्हणजे काय ते सांगते. नाव घातल्यावर दिंडीप्रमुख विचारतात, टाळ येतो का, हरिपाठ पाठ आहे का, गुडघे कसे आहेत, साखरेची गोळी चालू आहे का. मग सांगतात, तुम्ही अमक्या आक्कांच्या पुढे आणि तमक्या ताईंच्या मागे. आमच्याकडे पुढे झेंडेकरी, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मधे पखवाज, त्यामागे विणेकरी, मग तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया, मग आम्ही बाकीच्या. एवढं ठरलं की पंढरपूरपर्यंत तीच आपली जागा. लाखो माणसं आहेत हे आकडा म्हणून माहीत असतं, पण प्रत्यक्षात आपण दहा-बारा माणसांत राहतो. माझ्यामागे खटाव तालुक्यातल्या आक्का असतात. त्यांचा पाय माझ्या चपलेवर पडला तर त्या वाकून माझ्या पायाला हात लावतात आणि "माउली" म्हणतात, आणि मी त्यांच्या. नव्या माणसाला हा केवळ भाबडा शिष्टाचार वाटतो. पण शेकडो जणी इतक्या जवळून चालत असताना धक्का लागणारच, आणि लागलेल्या प्रत्येक धक्क्याचं भांडण तिथल्या तिथे मिटवायची ती सोय आहे. एसटी स्टँडवर धक्क्यावरून सुरू झालेली भांडणं मी इतकी सोडवली आहेत की हे मला चटकन ओळखू आलं.

पहाटेची शिस्तही बाहेरून दिसत नाही. तुतारी तीनदा वाजते. पहिलीला उठून आवरायचं, दुसरीला गाठोडं ट्रकजवळ आणि राहुट्या खाली, तिसरीला पाय रस्त्यावर. आमच्या ट्रकवर दिंडीप्रमुखांचे पुतणे पहाटे अडीचला चढतात आणि गाठोडी लावतात. बाहेरचे म्हणतात, एवढ्या लोकांना कुणी सांगत नाही, आपोआप सगळं घडतं, हा चमत्कार आहे. आमच्यातलेही म्हणतात, माउली करून घेते. मी पण म्हणते. पण ती करून घेते ती त्या पुतण्यांकडून, आणि आपोआप म्हटलं की त्यांचं जागरण हिशोबातून निघून जातं. मला याचं वाईट वाटतं. लोकांना अडाणी कळप म्हणणारा आणि चमत्कार म्हणून हात जोडणारा, दोघांनाही गर्दीत काम करणारा माणूस दिसलेला नसतो.

आता समाज आरती. वारीतली एकच गोष्ट बघायची असेल तर ही बघा, आणि दिंडीतून बघा. संध्याकाळी सोहळा तळावर येतो. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, पालखी रथातून उतरवून खांद्यावर मधे आणतात. हजारो टाळ एकदम चालू असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग सोहळ्याची शिस्त सांभाळणारे चोपदार हातातला दंड, म्हणजे काठी, वर करतात आणि "हो" अशी लांब हाळी देतात. टाळ थांबतात. सगळे. एका क्षणात इतकी शांतता होते की लांब बांधलेल्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात.

बाहेरून आलेले लोक इथवरचंच सांगतात: दंड वर गेला आणि हजारो माणसं गप्प झाली, केवढी श्रद्धा, केवढा आज्ञाधारकपणा. पण खरी गोष्ट पुढे आहे. कधी कधी एखादी दिंडी थांबत नाही. सगळा तळ गप्प, आणि एका कोपऱ्यात चाळीस-पन्नास टाळ खणखणत राहतात. नवख्याला वाटतं, यांना दंड दिसला नाही, किंवा भजनात तल्लीन झाले आहेत. तसं नसतं. त्या दिंडीची तक्रार असते. तक्रार असलेल्या दिंडीने टाळ वाजवत राहायचा हीच रीत आहे. चोपदार त्यांच्याकडे जातात, काय झालं विचारतात. कुणी चालीत मधे घुसलेलं असतं, कुणाची तळावरची जागा दुसऱ्याने घेतलेली असते, पाण्याचा टँकर आलेला नसतो. ऐकून घेतलं, तोडगा निघाला की त्यांचे टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तूंची नावं पुकारतात, उद्याची निघायची वेळ सांगतात आणि आरती होते.

एका वर्षी आमच्याच दिंडीने टाळ चालू ठेवला होता. पाणी मिळालं नव्हतं, बायकांना दोन दिवस अंघोळ नव्हती. सगळा तळ आमच्याकडे बघत होता. माझ्या हातात टाळ होता आणि हात थरथरत होते, पण विणेकरी मामा शांत होते. "वाजवा, माउली," म्हणाले, "आपण भांडत नाही, सांगतोय." चोपदार आले, मान डोलावून ऐकलं, टँकर रात्रीच आला. गर्दीला तोंड नसतं असं म्हणतात. वारीतल्या गर्दीला आहे, रोज संध्याकाळी ते उघडायची ठरलेली वेळ आहे, आणि उघडायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच बाकीचे एवढे चटकन गप्प होतात. आपली पाळी आली तर आपलंही ऐकतील याची खात्री असते.

वेळापूरच्या आधी धावा असतो तिथेही तसंच. तुकोबांना उंचावरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, त्याची आठवण म्हणून उतारावरून पळायचं. मोबाईलवर या धाव्याचे व्हिडिओ फिरतात, खाली कुणीतरी हमखास लिहितं, बघा अचानक कशी पळापळ झाली, चेंगराचेंगरी झाली असती तर? अचानक काही नसतं. आमच्या पुढची दिंडी सुटते, मधे अंतर पडू देतात, मग आम्ही. म्हातारी माणसं कडेने चालतात, झेंडे खांद्यावर आडवे न धरता सरळ वर धरायचे असतात, आणि चपला हातात घ्यायच्या का कमरेला खोचायच्या याचीसुद्धा आदल्या रात्री चर्चा झालेली असते.

चेंगराचेंगरीचं मात्र बोललंच पाहिजे, कारण मी ज्या भागातली आहे त्या भागाने ती पाहिली आहे. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा, वाईजवळ मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा. तीनशेच्या आसपास माणसं गेली. पुढचे कित्येक दिवस स्टँडवर, चहाच्या टपरीवर, पेपरात एकच सूर: अंधश्रद्धा, अडाणी लोक, एकमेकांना तुडवत गेले. तिथून परतलेली एक म्हातारी आमच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसली होती. ती बोलली ते माझ्या अजून कानात आहे. "मी चालतच नव्हते बाई. पाय भुईला लागत नव्हते. मला नेत होते. म्होरं माणसं पडल्यात हे मागच्याला कुठं ठावं?" अरुंद वाट, दोन्ही अंगाला दुकानं, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि नंतर दुकानांना लागलेली आग. यात लोकांचा स्वभाव कुठे आला? मागचा माणूस ढकलतो तेव्हा त्याला पुढचा पडलेला दिसत नाही, त्याच्याही पाठीवर कुणाचा तरी रेटा असतो. तुडवणारे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं त्यांच्यातलेच कितीतरी त्या दिवशी गेले.

पण आतल्या माणसालाही सगळं कळतं असं नाही, हेही त्या म्हातारीनेच सांगितलं. गर्दीत असलेल्याला फार तर दहा हात पुढचं दिसतं. त्या पलीकडचं त्याला कुणीतरी सांगावं लागतं. वारीत ते सांगणारे आहेत: चोपदार, तुतारी, विणेकरी, पुढच्या रांगेतली बाई. ही सांगण्याची साखळी तुटली तर वारकरीसुद्धा तेच होतील जे कुठल्याही गर्दीत होतं. ११ जून २०२३ ला आळंदीत प्रस्थानाच्या वेळी पोलीस आणि तरुण वारकऱ्यांमध्ये झटापट झाली, ती सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. एक बाजू म्हणाली, आत किती जणांना सोडायचं ते आधीच ठरलं होतं, मुलांनी बॅरिकेड तोडले. दुसरी बाजू म्हणाली, आम्ही दरवर्षी जातो, यंदाच आम्हाला का अडवलं आणि का मारलं. मी तिथे नव्हते, म्हणून कोण खरं ते सांगणार नाही. पण ठरलेला आकडा माहीत असणं आणि तो ऐन दारात कळणं यात किती अंतर आहे ते स्टँडच्या नोकरीमुळे मला ठाऊक आहे.

पाण्याच्या टँकरचं एक साधं उदाहरण देते, कारण ते मी लोणंदच्या तळावर अगदी जवळून पाहिलं. रस्त्याकडेला एक टँकर उभा होता, आमचा नव्हे, कुणीतरी सेवा म्हणून पाठवलेला. त्याला चार तोट्या, त्यातली एकच चालू. भोवती साठ-सत्तर माणसं, कळशा डोक्यावर, एकमेकांच्या खांद्यावरून हात. गाडीतून उतरलेलं एक कुटुंब बघत उभं होतं. त्यातले गृहस्थ बायकोला म्हणाले, "एवढं हरिनाम घेतात, पण रांग लावता येत नाही." त्याच गर्दीतल्या निम्म्या बाया आमच्या दिंडीच्या होत्या. तासाभराने आमचा टँकर आला, चारी तोट्या चालू, आणि रात्रभर इथेच उभा राहणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच बायांनी कळशांची रांग लावली, रांगेत कळशाच ठेवल्या, आणि स्वतः लांब झाडाखाली पाय पसरून बसल्या. कुणी कुणाची कळशी पुढे सरकवली नाही असं नाही, पण सरकवली ती मागून येणाऱ्या गरोदर पोरीसाठी.

आता ज्याची शिफारस मी करणार नाही त्याबद्दल. दिंडीत यायच्या आधी मी एका शहरातल्या आयोजकांबरोबर एका दिवसाची वारी केली होती. नाव देत नाही. दीड हजार रुपये, त्यात बस, टी-शर्ट, टोपी, नाश्त्याचं पाकीट आणि फोटो. माणसं चांगली होती, उत्साही होती. पण निघायच्या आधी मिळालेली सूचना अशी: गर्दी कधीही अनावर होऊ शकते, मोबाईल आतल्या खिशात ठेवा, हात धरून साखळी करा, शिट्टी वाजली की शिट्टीकडे या. म्हणजे भोवतालची माणसं हा धोका, आणि आपण त्यातून पार व्हायचं. सासवडच्या अलीकडे शिट्टी वाजली आणि आमची पन्नास जणांची साखळी रस्ता ओलांडून पलीकडे गेली ती एका दिंडीच्या टाळकऱ्यांच्या आणि वीण्याच्या मधून. टाळ अडखळले, विणेकरी जागच्या जागी थांबले, मागून येणाऱ्या बाया एकमेकींवर आल्या, कुणाच्या तरी डोक्यावरचा हंडा कलंडला.

रात्री आमच्या ग्रुपवर एकीने लिहिलं, गर्दी एकदम अंगावर आली, काळजाचा ठोका चुकला. आता मी दिंडीत आहे, आणि दरवर्षी त्या टप्प्यावर आमच्यातल्या कुणा ना कुणाच्या तोंडून निघतं, "मधे कोण तरी शिरलं." ही दोन्ही वाक्यं रस्त्यावरच्या त्याच दहा पावलांबद्दल आहेत. त्या आयोजकांनी दिवसभर आम्हाला वारीच्या इतक्या जवळ ठेवलं, पण आम्हाला दिसली ती टीव्हीवरचीच वारी. एवढ्यासाठीच मी तिथे पैसे घालायला सांगत नाही.

एक वाचलेली गोष्ट सांगते, कारण ती माझ्या अनुभवाशी जुळली. प्रयागच्या माघमेळ्यात भारतातल्या आणि ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी काही वर्षं काम केलं. कल्पवासी तिथे महिनाभर थंडीत, गोंगाटात, तंबूत राहतात. त्यांना एक अस्पष्ट गोंगाटाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. मेळ्यातला आवाज आहे असं सांगितलं तर तो त्यांना सुसह्य वाटला आणि त्यांनी जास्त वेळ ऐकला. तोच आवाज शहरातल्या रस्त्याचा आहे म्हटलं तर नकोसा झाला. त्याच अभ्यासकांना असंही आढळलं की महिनाभर राहून गेलेल्यांना आपली तब्येत आधीपेक्षा बरी वाटत होती, न गेलेल्या तशाच लोकांत तसा फरक दिसला नाही. आमच्या राहुटीत शेजारच्या दिंडीचा भोंगा रात्री अकरापर्यंत चालतो. आमच्या आक्का त्याच्या तालावर झोपतात. घरी त्यांना मिक्सरचा आवाज सहन होत नाही.

दिंडीच्या उणिवा आहेत, आणि बायकांनी त्या आधीच जाणून घ्याव्यात. शौचालयं हा सगळ्यात मोठा प्रश्न. आता तळांवर फिरती शौचालयं असतात, पूर्वीपेक्षा पुष्कळ फरक आहे, तरी पहाटे तीनच्या पुढे रांगा लागतात, म्हणून आम्ही दोनलाच उठतो. अंघोळीला आडोसा म्हणजे चार काठ्यांना बांधलेली ताडपत्री. पाऊस जोराचा झाला तर आमच्या राहुट्या गळतात, आणि दोन राहुट्या बदलायला हव्यात असं मी दिंडीप्रमुखांना तोंडावर सांगितलं आहे. बायकांच्या जागेचा निर्णय घेताना बायकांना विचारायची पद्धत अजून नीट पडलेली नाही. भजनात मधल्या रांगा पुरुषांच्याच. मला हे खटकतं, आणि दरवर्षी मी बोलते. यंदा दोन मुलींना टाळकऱ्यांच्या शेवटच्या रांगेत घेतलं, तेवढं झालं. मोबाईल चार्ज करायला ट्रकमध्ये एकच बोर्ड आहे, त्यावर भांडणं होतात. पायाला फोड आले तर सुईदोरा ओवून पाणी काढणाऱ्या दोन मावश्या दिंडीत आहेत, पण मधुमेह असेल तर त्यांच्याकडे जाऊ नका, वाटेतल्या दवाखान्याच्या गाडीत जा.

कुणी येऊ नये? ज्यांना रोज स्वतंत्र खोली लागते त्यांनी. ज्यांना फोटोसाठी हवं तिथे थांबायचं आहे त्यांनी, कारण तुम्ही थांबलात की मागच्या दोनशे जणांना थांबावं लागतं. सगळा पल्ला जमणार नसेल तर चार टप्पे करा, पण ते सलग करा आणि एकाच जागेवरून करा. आमच्या दिंडीत लोणंद ते फलटण अशी माणसं घेतात, भिशी त्या प्रमाणात.

नाव घालायचं तर ज्येष्ठ लागायच्या आधी. आपल्या गावातून कुठली दिंडी जाते ते आधी विचारा, बहुतेक गावांतून कुणीतरी जात असतंच. दिंडीप्रमुखांना प्रत्यक्ष भेटा आणि हे विचारा: माणसं किती, टँकर किती आणि स्वतःचे की भाड्याचे, बायकांच्या राहुट्या वेगळ्या आहेत का, रात्री त्यांच्या बाजूला कोण झोपतं, आणि रांगेत माझ्या पुढे-मागे कोण असेल. शेवटच्या प्रश्नाला जो दिंडीप्रमुख लगेच नाव सांगतो त्याच्याकडे पैसे भरा. "असेल कुणीतरी, माउली बघते" म्हणाला तर दुसरी दिंडी शोधा. पावती घ्या. गाठोड्यावर तिन्ही बाजूंनी नाव आणि गाव रंगाने लिहा, खडूने नको, पहिल्याच पावसात जातं.